पाऊण इंचाची पट्टी

"आधी हात पुसा." आमच्या सुतारकाकांचं कुणाशीही पहिलं वाक्य हेच. कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागातल्या वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग घेऊन गेलो, की ते स्वच्छ फडकं पुढे करायचे. मॅनेजर आला तरी तेच. माणूस सावंतवाडीचा, फ्रेमिंगमध्ये वीस वर्षं घालवलेला, आणि भिडस्तपणा औषधालाही नाही.

एका ऑफिसच्या लॉबीसाठी जुनी जपानी चित्रं आली होती. लाकडी ठशांनी छापलेले बारा सामुराई. काका एकाच्या कपाळावर भिंग धरून बसले, चहा निवून गेला.

"साहेब, हे केस बघा. कोरूक नाय हत. केस ठेवन बाकीचा लाकूड काढल्यान."

मी सोबतचा कागद वाचून दाखवला. चित्रकाराची सही मोठी होती, आणि अगदी कडेला, छोट्या चौकटीत, ठसा कोरणाऱ्याचं नाव. काकांनी त्या चौकटीला मान लववली. खोटं वाटेल तुम्हाला, पण मी पाहिलंय.

आता माझी करणी ऐका. बाराही फ्रेमची मापं मी एकाच चित्रावरून काढली होती, आणि नेमकं हे चित्र पाऊण इंचाने जास्त रुंद निघालं. काका म्हणाले, दोन दिवस द्या, नवी फ्रेम करतो. पण उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं.

"साइड से काट दो," मॅनेजर म्हणाला. "यल्ला, चलो, खलास."

"हेचा नाव कापतलास? मी कापूचंय नाय." मग तेच हिंदीत.

"नाम कौन पढ़ता है?"

चूक माझी, घाई त्याची, आणि कापायचं कुणाला, तर ज्याने केस न केस वाचवला त्याला! मी मात्र ड्रॉइंग गुंडाळून बाजूला झालो. मॅनेजरने दुसऱ्याकडून कापून घेतलं. महिन्याभरात काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. कारण लिहिलं, वर्तणूक. मला बढती मिळाली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली निम्मी माझ्यावरच असते.

जायच्या दिवशी काकांनी मला पाकीट दिलं. आत कचऱ्यातून उचललेली ती कापलेली पट्टी होती, कोरणाऱ्याच्या नावासकट.

"तुमच्याकडे ऱ्हवांदे. कोणतरी इचारतला."

लॉबीत लोक त्या सामुराईसमोर फोटो काढतात. अजून कुणीही विचारलेलं नाही. पट्टी माझ्या कपाटात आहे. बाहेर काढण्याआधी मी हात पुसतो, दोनदा.