साहेबांचा कुत्रा पाणी पितोय

आधी काकांचं सांगतो, मग माझं. ते माझे काका नव्हते. गाववाले नव्हते, जातीचे नव्हते, नात्याचेही नव्हते. पालिकेच्या कुत्र्यांच्या गाडीवर ते नोकरीला होते. भटकी कुत्री पकडायची ती गाडी गल्लीत शिरली की पोरं शिट्या मारून कुत्र्यांना पळवून लावायची आणि काकांच्या पाठीत खडे मारायची. बायका खिडक्या लावून घ्यायच्या. मी धड आहे तो त्या माणसामुळे. माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका होतील. पण मी नाही लिहिलं तर हे कोण लिहिणार?

मी रत्नागिरीकडचा. मुंबईत आलो तेव्हा लालबागला आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी ठेवायला जागा मिळाली. खोलीत वीसएक माणसं, सगळी गिरणीतली. एक पाळी झोपायची तेव्हा दुसरी कामावर असायची. गिरणीत नसलेला मी एकटाच. हिंदमाताजवळच्या एका लाँड्रीत कपडे पोचवायला होतो. त्यामुळे मी खोलीवर असायचो तेव्हा माझ्या बरोबरीचे नसायचे, आणि ते हसत-खिदळत जेवायचे तेव्हा मी दादरचे जिने चढत असायचो. दिवसाकाठी मी जी चार वाक्यं बोलायचो त्यातलं एक "कपडे आणलेत बाई" हे असायचं.

दादरला एका तीन मजली इमारतीत तळमजल्यावर एक साहेब राहायचे. पेन्शनीत निघालेले. त्यांच्याकडे तांबडा, उंच, रुंद छातीचा कुत्रा होता. सकाळी साहेब दाराशी पेपर वाचत बसायचे आणि कुत्रा मोकळा सोडलेला असायचा. अंगणातच नाही, गल्लीभर. साखळी दाराच्या खिळ्याला लटकलेली. त्याने दूधवाल्याची टाच धरली होती. मासेवालीचं लुगडं फाडलं होतं आणि तिने गल्ली डोक्यावर घेतली होती. प्रत्येक वेळी साहेब पेपर खाली न करता म्हणायचे, "काही करत नाही हो तो."

मला चावला त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर साहेबांचीच खळीची धोतरं होती. कुत्रा भुंकला नाही. गुपचूप मागून आला आणि पोटरी धरली. मी ओरडलो की नाही आठवत नाही. धोतरं चिखलात पडली एवढं आठवतं.

साहेब उठले. आधी त्यांनी धोतरं उचलली.

"पळालास कशाला? पळालं की तो धरतो. उभं राहायचं!"

मी पळालो नव्हतो. हात भरलेले असताना पळणार कुठे? पण मी म्हटलं, "चुकलं साहेब." आज ते आठवलं की पोटरीपेक्षा ते जास्त झोंबतं. कुत्रा मला चावला आणि माफी मी मागितली.

गल्लीच्या तोंडाशी पालिकेची गाडी उभी होती. त्यातून काका उतरून आले. खाकी कपडे, पायात टायरच्या चपला, पन्नाशी उलटलेली. त्यांनी कुत्र्याच्या गळ्याकडे बघितलं.

"साहेब, परवान्याचा बिल्ला कुठं आहे कुत्र्याचा?"

"तुला काय करायचंय? घरचा कुत्रा आहे तो."

"घरचा आहे तर घरात ठेवा ना."

साहेबांनी दार लावून घेतलं. काकांनी मला दंडाला धरून गल्लीतल्या नळावर नेलं. खिशातून लाल साबणाची वडी काढली आणि माझी पोटरी धुवायला लागले. किती वेळ! बायका हंडे घेऊन खोळंबल्या, कुरकुरल्या. काका कुणाकडे न बघता पाणी ओतत राहिले. "बोंब मार हवी तर. पण पाय नको काढू. आपल्याला सहा वेळा कुत्रा चावलाय. धुतलेला माणूस जगतो."

परळच्या इस्पितळापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. डॉक्टरांनी पोटात पहिली सुई दिली. अशा चौदा घ्यायच्या, रोज एक. मग म्हणाले, "कुत्र्यावर नजर ठेवा. दहा दिवस तो धड राहिला, खातोय, पाणी पितोय, तर तो पिसाळलेला नाही. मग तुम्हाला घोर नाही आणि उरलेल्या सुयाही नकोत."

म्हणजे माझा जीव आता त्या कुत्र्याच्या हाती होता.

खोलीवर हे कळलं तेव्हा सगळे खवळले. आमच्या गावात चावऱ्या कुत्र्याचं एकच करतात. "चला रे, दांडे घेवा," एक जण म्हणाला, "त्या साहेबाक पण दाखवया." चौघे-पाचजण खरोखर उठले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? महिनोन्महिने कुणी माझ्यासाठी उठलं नव्हतं.

काका मला सोडायला आले होते ते गॅलरीत उभे होते. तिथूनच म्हणाले, "मारू नका भाई लोक. कुत्रा मेला तर ह्याला कोण सांगणार तो पिसाळलेला होता का नव्हता? त्याला जगू द्या. दहा दिवस तो ह्याचा डॉक्टर आहे."

दांडे खाली ठेवले गेले. खोलीचा कारभार बघणारे दादा होते, सगळ्यांत वडील, त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

काकांनी सांगितलं. काठेवाडकडचे. वडील इथे पालिकेच्या झाडूखात्यात आले, काका इथेच जन्मले.

आमच्या खोलीची एक रीत होती. दारात कुणीही येवो, आधी गूळ आणि पाणी. पोस्टमनला मिळायचं, विम्याच्या एजंटाला मिळायचं, एकदा चुकून वरच्या मजल्याऐवजी आमच्याकडे शिरलेल्या माणसालाही मिळालं होतं. त्या दिवशी गुळाचा डबा कुणी उघडला नाही. काका थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. माझ्या ते ध्यानात आलं. मी उठून डबा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी वळकटी गॅलरीत होती.

"राग मानू नको रे," दादा म्हणाले, "पोराबाळांची माणसा आम्ही. तू मधीच पिसाळलंस तर? तुझो पेलो खिडकीत ठेवलंय. त्याच पेल्यान पी."

पितळेचा पेला, आईने दिलेला. रोज बाकीच्यांच्या पेल्यांत असायचा, तो आता एकटा खिडकीत. माठातून पाणी मला दुसऱ्याने वरून ओतायचं. आणि पाणीच तर मला तपासायचं होतं. पिसाळायला लागलं की माणसाला पाणी गिळवत नाही, असं मी ऐकलं होतं. दर घोटाला मी लक्ष ठेवायचो, घसा अडतोय का? भीतीने तो अडायचाच. मग परत एक घोट. गावी पत्र लिहायला घेतलं आणि 'मी खुशाल आहे' एवढंच लिहून टाकलं.

रोज सकाळी आधी साहेबांच्या फाटकाशी, मग इस्पितळात. फाटकावर काका आधीच आलेले असायचे. कुत्रा दिसला की बोट दाखवायचे, "बघ, शेपूट बघ. मजेत आहे हरामखोर." ज्याने मला फाडलं त्याच्यासाठी मी मनात गणपतीला नवस बोलत होतो.

पाचव्या दिवशी कुत्रा दिसला नाही. साखळीही खिळ्यावर नव्हती. मी बेल वाजवली.

"पाठवला पुण्याला, भावाकडे," साहेब म्हणाले. "तुझा तो पालिकेवाला रोज फाटकाशी उभा. दंड लावेल, उचलून नेईल. नसती कटकट."

"साहेब, तो बरा होता ना? पाणी पीत होता?"

"अरे, काही करत नाही तो!" दार लागलं.

डॉक्टर म्हणाले, सुया पुऱ्या करा, बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक' शब्दाने माझं खाणं तुटलं.

सातव्या दिवशी हरताळ होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी परळला मोर्चा निघाला होता, दुकानं बंद, रस्ताभर माणसं आणि घोषणा. मी काकांबरोबर इस्पितळाकडे चाललो होतो. गर्दीतून आमच्या खोलीतल्या एकाने हाक मारली, "काय रे! आज तरी त्या गुजराथ्याक सोड! की तुका पण तिकडेच जावचा हा?" आजूबाजूचे हसले. मी पावलं उचलली. दहा-बारा पावलं पुढे गेलो, जसा काही मी एकटाच आहे. मागे वळून बघितलं तर काकांनीच चाल कमी केली होती, मला सोपं जावं म्हणून. इस्पितळाच्या दारात मी थांबलो. ते आले आणि म्हणाले, "जा आत. नंबर जाईल तुझा."

दहाव्या दिवशी सकाळी काका लाँड्रीच्या दारात आले. "चल माझ्याबरोबर. त्या साहेबाचा गडी अजून रोज खाटकाकडून मटणाचे छिचडे नेतो. मी स्वतः बघितलं. पुण्याला गेलेल्या कुत्र्याला दादरचं मटण कशाला?"

इमारतीच्या मागच्या बाजूला सफाईवाल्यांचा गोल लोखंडी जिना होता, मोऱ्या-संडास साफ करायला जायचा. त्या जिन्याने मी कधी चढलो नव्हतो. एरवी चढलोही नसतो. काका पुढे, मी मागे, गजांना घाण लागलेली. गच्चीचं दार अर्धं उघडं होतं. काकांनी मला पुढे केलं.

टाकीच्या सावलीत तो बांधलेला होता. त्याला साखळीत मी पहिल्यांदाच बघत होतो. मला बघून गुरगुरला. मग त्याचं लक्ष उडालं, समोरच्या घमेल्यात त्याने तोंड घातलं आणि लपालपा पाणी प्यायला लागला. पीतच राहिला. घमेलं हलत होतं, पाणी सांडत होतं.

"पितोय," मी म्हणालो.

"पितोय ना?" काका म्हणाले. "मग रडतोस कशाला दीकरा?"

डॉक्टरांनी सुया थांबवल्या. वळकटी आत आली. महिनाभराने मी कपडे घेऊन त्या गल्लीत गेलो तर कुत्रा पुन्हा मोकळा, गळ्यात नवा कोरा बिल्ला. साहेब कौतुकाने म्हणाले, "आता परवाना आहे बरं का त्याचा." मी त्या इमारतीचे कपडे दुसऱ्याला द्यायला लावले.

काका एकदाच परत खोलीवर आले, माझी चौकशी करायला. उन्हातून चालत आले होते, ओठ सुकलेले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी माठाजवळ गेलो, माझा पितळेचा पेला उचलला, भरला. दादांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पेला खाली ठेवला. ज्या पेल्याला दहा दिवस कुणी शिवलं नव्हतं, तो मी त्या माणसाला देऊ शकलो नाही.

"राहू दे," काका म्हणाले, "मी पिऊन आलोय." ते पिऊन आले नव्हते.

पुढे त्यांची बदली वरळीकडे झाली असं कळलं. मग राज्य झालं. लालबागला साखर वाटली, मीही हात पुढे केला, गोड लागली. पण त्या गर्दीतही मी खाकी कपड्यातला एक माणूस शोधत होतो.

सध्या मी शीवला एका खोलीत तिघांत राहतो. स्वतःची खोली झाली की, लहान का असेना, वरळीला पालिकेच्या चाळींत जाऊन मी त्यांना शोधणार आहे. घरी आणणार आहे. सतरंजीवर बसवून आधी गूळ देईन, मग पाणी, त्याच पितळेच्या पेल्यातून, माझ्या हाताने. आणि ते पिऊन होईपर्यंत तिथून हलणार नाही.