लाल पिशवीचा आवाज

कोथरूडला माझा छोटा दवाखाना आहे. तिथला घातक कचरा न्यायला पिवळ्या गाडीतून एक बाई येतात. नाव मी कधी विचारलं नाही, पण त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस अजूनही भेटेल त्याला सांगावासा वाटतो.

लाल पिशवीत नळ्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज टाकायच्या. सुया वेगळ्या, पांढऱ्या डब्यात. बाईंनी लाल पिशवी गाठीला धरून अंगापासून लांब उचलली, फरशीवर हलकेच दोनदा टेकवली आणि मान तिरकी करून म्हणाल्या, "सुई आहे."

"शक्यच नाही. मी स्वतः भरलीय."

"म्हणूनच असेल."

मी चिमट्याने पिशवी उपसली. तळाशी टोपण लावलेली सुई निघाली, माझ्याच हातची. खरं तर लाज वाटायला हवी होती, पण मी हरखूनच गेलो. कॉलेजात आमचे सर पाठीवर बोटांनी ठोकून छातीतलं पाणी ओळखायचे, तेव्हा असाच थरार वाटायचा. पेशंटला ताटकळत ठेवून मी विचारलं, "ताई, इतकं अचूक कसं ओळखलंत?"

त्यांनी हातमोजा मनगटापर्यंत ओढून घेतला. "एकदा नाही ओळखलं, सुई टोचली. मग सहा महिने रक्त तपासून घेत होते. निघालं नाही काही."

दुसऱ्या दिवशी पिशवी बांधण्याआधी मीच ती फरशीवर टेकवून ऐकली. बाई आल्या तसं मोठ्या उत्साहाने सांगितलं, "आज मी ऐकलीय. एकही सुई नाही."

"छान," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून पुन्हा फरशीवर टेकवली.