महापुराची खीर

शेखभाभींचा फोन आला तेव्हा मी घोडबंदरच्या बसची वाट बघत होतो. "भाईसाब, सुलभाताई चली गईं..." मी विचारलं, "किधर? पुणे?" भाभी रडता रडता हसल्या. "आप कभी नहीं सुधरेंगे!" महिना होत आला. सुधारलो नाहीच, ताईंवर लिहायला बसलोय आणि भूक लागलीय.

मुंबईतल्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन सुलभाताई पूनम सागर सोसायटीत आमच्या शेजारी आल्या आणि दर महिन्याला आपल्या घरी एकेका देशाची लोककथा सांगून तिथला पदार्थ खायला घालू लागल्या. रीत मात्र श्रावणातल्या कहाणीची : मुठीत तांदूळ धरून बसायचं, गोष्ट संपल्याशिवाय घास नाही. मेक्सिकोचा मका असो की जपानचे तांदळाचे लाडू, शेवट 'सुफळ संपूर्ण'! लोक मन लावून ऐकायचे आणि जेवायला आपापल्या घरी जायचे. तळमजल्यावरच्या पटेलबेन दुसऱ्याकडचं पाणीसुद्धा घेत नसत. तिसऱ्या मजल्यावरच्या शेखभाभी संकोचानं दाराशीच बसत. खाणारा मी एकटा, तोही निव्वळ हावरटपणामुळे. "गोष्ट सगळ्यांची, पातेलं माझं एकटीचं," ताई म्हणायच्या. "एकदा तरी अख्ख्या जिन्यानं एका पातेल्यातलं खाल्लेलं बघायचंय रे मला."

दोन हजार पाचच्या जुलैत पाणी तळमजल्यात शिरलं. वीज गेली, दुकानं बंद. सगळा जिना ताईंच्या घरात जमला. ताईंनी थोरलं पातेलं चढवलं. "तुर्कस्तानात सांगतात, महापुरात तरलेल्या नावेतल्या माणसांनी उरलंसुरलं सगळं धान्य एकत्र शिजवून खीर केली. चला, तुमच्याकडे काय उरलंय?" पटेलबेननी भिजवलेले चणे दिले, भाभींनी मनुका, माझ्या बायकोनं लापशीचा रवा. द्यायला कुणीच मागे नव्हतं, पण खायचं म्हटल्यावर पटेलबेन पुटपुटल्या, "मेरे को तो उपवास छे." भाभींचंही पोट अचानक भरलेलं निघालं. ताईंचा चेहरा उतरला; तरी त्यांनी सगळ्यांच्या मुठीत तांदूळ दिले आणि गोष्ट सुरू केली.

खिरीच्या वासानं माझं डोकं फिरलेलं. ताईंनी "आणि नाव डोंगराला टेकलीऽऽ" असा मंगलाष्टकासारखा सूर लांबवला मात्र... माझा हात लग्नातल्यासारखा आपोआप उठला. अक्षता थेट पातेल्यात! आणि लग्नांतून जेवलेली मंडळी ती, एकानं टाकल्या की सगळे टाकतात. पटेलबेनच्या पडल्या, भाभींच्याही पडल्या.

"अहो, गोष्ट संपायची होती!" बायको ओरडली.

ताईंनी वाकून पातेल्यात बघितलं. "आता ज्याचे त्याने आपापले दाणे वेगळे काढून दाखवा."

पटेलबेननी वाकून आपले दाणे शोधून पाहिले. मग त्यांनी ताईंच्या हातून डाव घेतला. "चावल अभी काचा छे. थोडा और पकने दो."

खीर शिजली, तेव्हा पहिली वाटी त्यांचीच पुढे आली, तिच्यामागोमाग भाभींची.

"बेन, उपवास?" मी.

"छूट गया. तू चूप बैस!"

ताई नुसत्या वाढत होत्या. अख्ख्या जिन्यानं पातेलं निपटून काढलं, आणि त्यांच्या स्वतःच्या वाट्याला चमचाभरही उरलं नाही. इतकं खूश होऊन उपाशी राहिलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

ताईंच्या मुलानं घर आवरताना विचारलं, पातेलं कुणाला हवंय? पटेलबेन आणि भाभी कडाकडा भांडल्या. शेवटी ठरलं, दोघींनी आळीपाळीनं वापरायचं. आता शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे दोघींच्याही घरचं वळण. त्यामुळे ते वर जातं तेव्हा भरलेलं असतं, खाली येतं तेव्हाही भरलेलंच...

आणि मी मधल्या मजल्यावर, दार उघडं टाकून बसलोय.