अजगरांसाठी गारठा

माझ्या नवऱ्याला साप पाळायची हौस. लोणावळ्यातलं आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं. घरचं झालं थोडं, त्यात त्याने अजगरांची जोडी आणली आणि पुढच्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली. शाळेत शिकवून आला की पिंजऱ्यासमोर बसायचा. त्याला त्यांची अंडी हवी होती. हिवाळ्यात अंगाला गारठा लागल्याशिवाय अजगर जोडी जमवत नाहीत, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. मार्गशीर्ष लागताच त्याने त्यांचं खाणं तोडलं, भिंतीला थर्मामीटर टांगला आणि रात्री खिडक्या सताड उघड्या टाकू लागला.

नेमकी त्याच महिन्यात, माहेरी जायच्या आधीच, मी बाळंत झाले. मुलगी झाली. आई मावळातल्या आमच्या गावाहून धावत आली. तिने बाजेखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला. आमच्याकडे बाळंतिणीची शेगडी विझू देत नाहीत. पण मधली भिंत कौलांपर्यंत पोचत नव्हती. ऊब वरून पलीकडे गेली आणि पारा चढला. नवरा तांब्या घेऊन आला आणि त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

"आवं जावईबापू, बाळंतिणीला शेक नगं व्हय?" आई म्हणाली.

"एवढा हिवाळा कळ काढा, मामी. नाहीतर माझं वर्ष फुकट जाईल."

आईने विझलेली शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. जावई पडला ना! मी भांडले, तर मला म्हणाला, "आणखी एक गोधडी घे."

पौषात बाळाच्या बरगड्या उडायला लागल्या. तेव्हा मात्र आईने कुणाला विचारलं नाही. पोर पदराखाली घेऊन आम्ही गाव गाठलं. तिथं चुलीशेजारी बाज टाकून तिने पोर वाचवली. छाती मात्र जन्माची अधू राहिली. नवरा एकदाही आला नाही. अजगरांची जोडी जमली होती, ती सोडून कसा येणार!

चैत्रात आला तो पेढे घेऊन. मुलीच्या वेळी त्याला साखरसुद्धा वाटावीशी वाटली नव्हती. मादीने अंडी घातली होती. मी परत गेले. जाणार कुठं?

घरात खंडाळ्याच्या बंगल्यांतली मंडळी जमली होती. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सारखी थरथरत होती. "अंग थरथरवून ऊब देते ती त्यांना," तो हळव्या आवाजात सांगत होता. "आई आहे शेवटी."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दार लावून घे गं. अंड्यांना वारा लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आले आणि दार लावून घेतलं.