बायकोची पकड

माझ्या बायकोनं तिच्या ऑस्ट्रेलियन साहेबिणीला हिरवळीवर आडवं केलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत ती डॉक्युमेंटेशन बघते. कंपनीची पिकनिक होती, शारजातल्याच एका पार्कात. बिर्याणी यायला वेळ होता म्हणून साहेबीणबाईंनी गाडीतून एक चेंडू काढला. न सोललेल्या नारळासारखा, लांबुळका. तो काखेत मारून म्हणाल्या, "कोणी मला अडवून दाखवा!" आणि पळत सुटल्या. बाई ताडमाड उंच, खांदे माझ्या दीडपट. अकाउंट्समधली दोन पोरं अडवल्यासारखं करून बाजूला झाली. मग माझी बायको पुढे आली. ओढणी कंबरेला खोचली, गुडघ्यात वाकली, आणि बाई शेजारून जाताना तिनं त्यांचा घोटा धरून जरासा वर उचलला. बाई धप्पकन गवतावर.

मी हातात कोल्ड्रिंक घेऊन उभा. मनात म्हटलं, खलास. गेली नोकरी.

तर बाई पडल्या पडल्या हसायला लागल्या. उठल्या, कपडे झटकले, आणि म्हणाल्या, "आमच्या खेळात पाय धरलेला चालत नाही. पण तू ये. आम्हाला तू हवी आहेस."

इथं सांगायला हवं की लग्नाआधी बायको सांगलीकडे जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळायची. डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि घोट्याची पकड हा तिचा हुकमी डाव. चढाईला आलेल्या पोरी म्हणे तिच्या बाजूला फिरकत नसत. हे मला लग्न ठरवताना सासऱ्यांनी सांगितलं होतं, तेव्हा मी नुसतं हसलो होतो. मग आम्ही शारजाला आलो, मी पाइप आणि फिटिंगचा धंदा टाकला, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये घर घेतलं. इथे कबड्डीला सात बायका कुठून आणायच्या? तो विषयच निघाला नाही. एकोणीस वर्षं ती विमानतळावरच्या बॅगा सोडून काही पकडत नव्हती.

साहेबीणबाई ज्या खेळाबद्दल बोलत होत्या तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आखातात बायकांची त्याची लीग आहे, या भागात तिच्याहून वरची लीग नाही. पण तेव्हा लीगचा जेमतेम दुसरा हंगाम होता. खेळाडू टिकायचे नाहीत. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपायचं, कुणाच्या नवऱ्याची बदली व्हायची, आणि चांगली तयार झालेली पोरगी एका आठवड्यात बिऱ्हाड गुंडाळून मायदेशी. बाई दुबईतल्या एका संघाच्या कॅप्टनही होत्या आणि कोचही, आणि भेटेल त्या बाईला विचारत सुटल्या होत्या.

मी घरी आल्यावर समजूत घालायच्या सुरात म्हटलं, "अगं, वय काय आपलं?"

"माझं बेचाळीस. तुमचं तुम्हाला माहीत."

"हातपाय मोडला म्हणजे?"

"मोडला तर इन्शुरन्स आहे." आणि भांडी घासायला गेली.

आमची मुलगी सोफ्यावर आडवी पडून हे ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, चिल. लेट हर प्ले." मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच. मी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. दोघी एक झाल्या की माझं काही चालत नाही.

पहिली मॅच बघायला गेलो ते तोंड वाकडं करूनच. शनिवारची दुपार, ऊन कलतं, दुबईच्या कडेचं मैदान. आणि देवा शप्पथ सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत माझं वाकडं तोंड आऽ झालं. असला खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. दोन्ही टोकांना चार चार खांब, मध्ये जाळी नाही की आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. सहा मिळाले की पांढऱ्या कपड्यातला एक माणूस दोन्ही हातांत झेंडे घेऊन असा फडकावतो की सव्वीस जानेवारीच आठवावी. चेंडू फेकायचा नाही. हातानं द्यायचा तर एका हातावर ठेवून दुसऱ्याच्या मुठीनं मारायचा. आणि त्या पोरी काय उडतात! एक पोरगी दुसरीच्या पाठीवर गुडघा टेकून वर चढली आणि हवेतला चेंडू दोन्ही हातांनी धरून खाली आली. मला वाटलं आता भांडण जुंपणार. कसलं काय, जिच्या पाठीवर चढली तिनंच हिला उठवलं. शाळेत शिकवणाऱ्या, हॉस्पिटलात काम करणाऱ्या, ऑफिसात बसणाऱ्या बायका या! माझ्या अंगावर काटा आला. मी मुलीला म्हटलं, "अगं, ही माणसं आहेत की कोण आहेत?" ती म्हणाली, "आय नो, राइट?"

मग आमच्या बाईसाहेब उतरल्या. बिनबाह्यांची जर्सी, हाफ पँट, आत काळ्या लेगिंग्ज, केसांचा घट्ट अंबाडा. समोरून एक पोरगी चेंडू घेऊन वाऱ्यासारखी आली. बायको खाली बसली, हात गेला, घोटा हातात! पोरगी आडवी. काय पकड होती! मी टाळ्या वाजवत उभा राहिलो.

शिट्टी वाजली. फाऊल.

मी ओरडलो, "अरे कसला फाऊल? क्लीन पकड आहे!" अंपायरनं मराठी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. या खेळात खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरायचं. पाय धरला की समोरच्या संघाला मोकळी किक. बायको आपल्या हाताकडे बघत उभी होती. पुढच्या पावतासात तिनं आणखी एकदा तेच केलं. दुसऱ्या मॅचला पुन्हा. मेंदूला नियम कळला होता, हाताला कळला नव्हता. बारा वर्षांची असल्यापासून त्या हाताला तेच वळण होतं, त्याला कोण समजावणार?

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला ही बातमी पोचलीच. एक वहिनी हसत हसत म्हणाल्या, "काय हो, आपल्या लोकांना पाय ओढायची सवय, ती तिथंही नेली का?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. बायकोही हसली. घरी येताना गाडीत मात्र आपल्या हाताकडेच बघत बसली.

तिसऱ्या मॅचनंतर साहेबीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत जवळच होतो. बाई चांगल्या, त्यांना बोलायला जड जात होतं. म्हणाल्या, "तुझ्या एका फाऊलला आम्ही सहा गुण देतोय. शेवटची मॅच अबू धाबीशी आहे. त्यात एकदा जरी पाय धरलास तर मी तुला बाहेर काढीन, आणि पुढच्या सीझनला घेता येणार नाही. नवीन मुली येतायत." बायको म्हणाली, "ओके." फक्त ओके. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय गं, सोडायचं का?" तर एकदम फिस्कारली. "सोडू कशाला? एकोणीस वर्षांनी मला कुणीतरी टीममध्ये घेतलंय. तुम्हाला कळतंय का, मला खेळायचंय!" मी गाडी सुरू केली. तिला एखादी गोष्ट इतकी हवी असलेली मी कधी बघितली नव्हती. गळ्यातल्या हारासाठी नाही, घरासाठी नाही.

मग आमच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. टीपॉय बाल्कनीत. मी उशी काखेत घेऊन शू-रॅकपासून टीव्हीपर्यंत पळायचं आणि तिनं मला पकडायचं. माझ्या दोन्ही गुडघ्यांना तिनं जुन्या लाल ओढणीच्या पट्ट्या बांधल्या. त्या पट्टीखाली हात गेला तर मुलगी सोफ्यावरून "फाऊल!" ओरडायची. पहिल्या संध्याकाळी पोरीचा घसा बसला. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ वर आले. दार मी उघडलं. घामाघूम, गुडघ्यांना लाल ओढण्या, काखेत उशी. ते म्हणाले, "हबीबी, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, बायको प्रॅक्टिस करतेय. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं आणि गेले.

माझ्या बरगड्यांवर निळे डाग पडले. कंबर धरली. पण हळूहळू तिचा हात वर यायला लागला. आधी मांडीपाशी, मग कंबरेला. ती यायची कशी, ते मी सांगू शकत नाही. स्वयंपाकघरात कुकर लावणारी, रोज माझ्या डब्यात लोणच्याची डबी ठेवणारी बाई समोरून वाकून येताना दिसली की मला खरोखर घाम फुटायचा. डोळे माझ्या तोंडाकडे नाहीत, पोटाकडे. एकदा मी हूल द्यायला गेलो तर म्हणाली, "डोळ्यांनी काय फसवताय? पोट जिकडं वळतं तिकडंच माणूस जातो." हे ज्ञान एवढी वर्षं माझ्या घरात होतं!

शेवटची मॅच अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीच्या पुढच्या एका मैदानावर. जाताना गाडीत तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

मॅच चुरशीची झाली. तिनं दोनदा कंबरेला धरून पाडलं, दोन्ही वेळा पकड नियमात. एकदा हात घसरून मांडीपर्यंत गेला तेव्हा आम्ही दोघं बापलेक अंपायरच्या शिट्टीकडे बघत होतो. वाजली नाही. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा आमचे चार गुण जास्त होते. एक गोल गेला की सगळं संपणार.

अबू धाबीकडे एक आयरिश मास्तरीण होती. हरणासारखी पळायची. तिनं मध्यावर चेंडू उचलला, आमच्या दोघींना चकवलं, आणि सुटली. समोर बायको. बायको झेपावली, ती वळली, बायको पालथी पडली. आणि त्या मास्तरणीचा पाय हिच्या हातापासून वीतभर अंतरावरून चालला होता. घोटा! तोंडात घास आल्यासारखा!

माझ्याच्यानं राहवलं नाही. कडेच्या रेषेवरून मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "घोटा! घोटा धर!"

काय मूर्ख माणूस! गुडघ्याला ओढण्या बांधून दोन आठवडे पळालो आणि ऐन वेळी माझंच तोंड कबड्डीच्या मैदानावर गेलं. मुलीनं माझा दंड असा करकचून धरला की नखं रुतली. आणि मी बघितलं, बायकोचा हात गेला. बोटं मिटायला लागली. मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मिटले नाहीत. बोटं मिटता मिटता थांबली आणि उघडली. पाय निघून गेला.

ती उठली आणि पाठीमागे पळाली. बेचाळीस वर्षांची बाई पंचविशीतल्या पोरीमागं! गाठणं शक्यच नव्हतं. पण या खेळात चेंडू घेऊन सरळ पळत सुटता येत नाही, पंधरा मीटरला एकदा जमिनीवर आपटावा लागतो. तो लांबुळका चेंडू आपटायचा म्हणजे नजर खाली हवी, पाय आखडायला हवा. मास्तरणीनं चेंडू आपटला, तो हातात येतोय न येतोय तेवढ्यात आमची पोचली. दोन्ही हात कंबरेला. दोघी एकदम जमिनीवर. चेंडू मास्तरणीच्या पोटाखाली अडकलेला.

शिट्टी वाजली. मला वाटलं, मी ओरडलो म्हणून हिचा हात खाली गेला असणार, बाहेर काढणार हिला, आणि ते माझ्यामुळे. अंपायरनं हात लांब केला आणि आमच्या बाजूला दाखवला. चेंडू धरून बसली म्हणून फाऊल त्या मास्तरणीचा!

मी रडलो. सांगायला लाज कसली? चारचौघांत, परक्या मैदानावर, ढसाढसा रडलो. ही बाई माझ्या घरात राहते, असं मी शेजारच्या अनोळखी गोऱ्या माणसाला मराठीत सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

मोकळी किक तिनंच मारायची होती. ती मात्र भयंकर. चेंडू तिरका उडून थेट त्यांच्याच एका पोरीकडे गेला. त्यांनी मारला, पण बाजूच्या खांबांतून, एकच गुण. मग भोंगा वाजला. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

मी पाण्याची बाटली घेऊन धावत गेलो. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती, कोपर सोललेलं. मी म्हटलं, "अगं, मी ओरडलो ते..."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "खेळणाऱ्यानं काठावरच्यांचं ऐकायचं नसतं." आणि गटागटा पाणी प्यायली.

तेवढ्यात साहेबीणबाई आल्या. त्यांनी तिला मिठी मारली, मग दोन्ही खांदे धरून विचारलं, पुढच्या सीझनला खेळशीलच, पण त्याशिवाय दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सगळ्या मुलींना पकड शिकवशील का? घरातून दोन संध्याकाळी जाणार होत्या. आमच्याकडे नवा फ्रिज घ्यायचा असो की कुणाच्या लग्नाला जायचं असो, कुणी काही विचारलं की बायको आधी माझ्याकडे बघते. मी मान हलवली की मग उत्तर देते. एकोणीस वर्षांची रीत. मी लगबगीनं दोन पावलं पुढे झालो, चेहरा हसरा केला, मान हलवायला तयार.

ती केव्हाच हो म्हणाली होती.