काळ्या कोटातली किल्ली

रोज संध्याकाळी प्रार्थना संपून माणसं पांगली की कोर्टसाहेब चर्चमध्ये एकटे मागे राहत. जिभेला बोटं लावून ओली करत आणि एकेक मेणबत्ती चिमटीत विझवत. डाव्या हाताच्या छोट्या वेदीवरची, बायकोच्या आठवणीत लावलेली, सगळ्यात शेवटी. मग दार ओढून घेत, कुलूप लावत, ते दोनदा खेचून बघत आणि ऐकायला कोणी असो वा नसो, म्हणत, "ठीक."

त्यांचं 'ठीक' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी खेचलेलं कुलूप पुन्हा खेचून बघायची कोणाची छाती नव्हती. चर्चची देखभाल करणारे, घंटा वाजवणारे घंटाकाका तर म्हणत, "साहेबांच्या मागून कुलूप तपासायचं म्हणजे साहेबांनाच तपासणं झालं की!"

साहेबांची अख्खी नोकरी लष्कराच्या वकिलीत गेली होती. गल्लीत त्यांना सगळे कोर्टसाहेब म्हणत. त्यांच्या लेकीला आठवत होतं ते बालपण लाकडी पेट्यांमधलं: एक पेटी उघडावी तोवर पुढच्या बदलीचा हुकूम. गावं बदलली, शाळा बदलल्या, जेवणाच्या टेबलावरचं कोर्ट मात्र तेच. बहीणभावांचं भांडण झालं की दोघांनाही बोलायची संधी, मधे तोंड घालायचं नाही. भाऊ हुशार. तो बशी फोडून लगेच म्हणायचा, "मीच फोडली, संपवा आता." पण त्याची सुटका नसे.

"कबुली दिली म्हणजे काम संपत नाही," बाबा म्हणत. "कबुली खरी आहे का, ते बघायचं असतं. घाबरून, दमून, कोणाला तरी वाचवायला माणसं काहीही कबूल करतात. सांग, बशी कुठे होती? तू कुठे होतास?"

"अहो, जेवण गार होतंय," आई स्वयंपाकघरातून ओरडे. "कोर्ट उठवा!"

निवृत्तीनंतर हेच कोर्ट चर्चच्या ओसरीत भरू लागलं. कोणाचं पेन्शन अडलेलं, कोणा दोन भावांचं भिंतीवरून वाजलेलं. फी विचारली की म्हणत, "पुढच्या रविवारी वेळेवर या, तेवढं पुरे." घंटाकाकांना चर्चमागची खोली त्यांनीच भांडून मिळवून दिली होती. आई गेल्यावर लेक बदली करून घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. ती शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी त्यांना स्कूटरवरून घरी आणायची.

त्या संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. बाबांनी ठेवणीतला काळा कोट घातला होता. उशीर झाला होता, आणि ते नेहमीसारखेच सावकाश. तिने बाहेरून हॉर्न दिला. पुन्हा दिला. "बाबा, चला ना! नवरानवरी घरी जातील आता!" ते लगबगीने बाहेर आले, कुलूप लावलं, खेचलं. स्कूटर वळवताना तिला डावीकडच्या खिडकीत पिवळसर उजेड दिसल्यासारखा वाटला. बाहेरच्या दिव्याचा असेल, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. बाबांनी त्या वेळी 'ठीक' म्हटलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी कळलं की छोटी वेदी जळाली. वेदीवरचं कापड पेटलं, मागची लाकडी चौकट गेली. घंटाकाका खिडकी फोडून आत शिरले, बादल्या ओतल्या, म्हणून बाकीचं चर्च वाचलं. काचेने त्यांचा तळहात चांगलाच फाटला होता. फादरांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साहेबांच्या मागून मेणबत्ती मी लावली नि विसरलो. माझीच चूक."

चर्चच्या समितीचे चिटणीस औषधवाले होते. दुकानातल्या गोळ्यांसारखी त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर तयार उत्तरं असत. "वय झालंय काकांचं. आज वेदी, उद्या अख्खं चर्च. खोली रिकामी करून घ्या नि धडधाकट माणूस ठेवा." रविवारी प्रार्थनेनंतर बैठक ठरली; तोवर फादर आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीने चर्च उघडत होते. चौकशी कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. घरात कोर्ट असताना बाहेर कोण जाईल?

रविवारी सकाळी लेक काळा कोट ब्रशने साफ करत होती. खिशात काहीतरी जड लागलं. तिने हात घातला. चर्चची किल्ली!

रोज ही किल्ली काकांच्या दाराशी खिळ्याला टांगली जायची. त्या दिवशी हॉर्नच्या घाईत बाबांनी ती खिशात टाकली होती आणि कोट कपाटात गेला होता. म्हणजे शेवटचे बाहेर पडले ते बाबा. विझवायची राहिली ती आईची मेणबत्ती. आणि घाई केली होती तिने.

"झाला का कोट?" बाहेरून हाक आली.

"आणते, बाबा."

तिने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. का, ते स्वतःलाही विचारलं नाही.

सभागृहात पंखा घरघरत होता. बाबा टेबलामागे बसले. समोरच्या खुर्चीवर घंटाकाका, पट्टी बांधलेला हात मांडीवर. लेक पहिल्या रांगेत, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"काकांनी कबूल केलंय," चिटणीस म्हणाले. "शिवाय खिडकीही फोडली. लांबण लावायचं कशाला?"

"कबुली ऐकली मी," बाबा म्हणाले. "आता ती खरी आहे का, बघू." लेकीने डोळे मिटले. "काका, दाराला कुलूप कोणी लावलं?"

"मीच."

"आग दिसली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"दारासमोर, अंगणात."

"मग खिडकी का फोडली?"

काका पट्टीची गाठ चाचपू लागले.

"कुलूप तुम्ही लावलंत तर किल्ली तुमच्याकडे हवी. दार उघडून आत का नाही गेलात?"

"घाबरलो, साहेब. सुचलं नाही."

"बादल्या भरायचं सुचलं, नि किल्ली नाही?" आवाज नेहमीसारखाच मऊ होता. फक्त शेवटचा शब्द उच्चारता उच्चारता ते थांबले. त्यांची नजर स्वतःच्या बाहीवर गेली, काळ्या कोटाच्या बाहीवर. हात हळूच खिशात गेला. मग दुसऱ्या खिशात.

"किल्ली माझ्याकडे होती," ते म्हणाले. "त्या दिवशी मी हाच कोट..." रिकामा हात त्यांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, उगाच काय अंगावर घेता?" चिटणीस मायेने म्हणाले. "खिसा रिकामा आहे की! काका तर स्वतःच म्हणतायत. हो ना, काका?"

"हो," काका घाईने म्हणाले. "साहेबांनी विझवल्या होत्या सगळ्या. मी पाहिलं."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. फादरांनीही मान हलवली. लेक नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. बाबांचं 'ठीक' शाबूत राहिलं असतं, आणि काका त्यांची एक पेटी घेऊन कुठेतरी निघून गेले असते. बाबा मात्र अजून खिसा चाचपत होते. स्वतःवरचा विश्वास उडत चाललेल्या माणसासारखे. ते तिला पाहवेना.

ती उठली. तिने पर्स उघडून किल्ली टेबलावर ठेवली.

"आज सकाळी कोटात सापडली," ती म्हणाली. "मी काढून घेतली. आणि त्या दिवशी हॉर्न मी वाजवत होते."

बाबांनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुरावा लपवलास," ते म्हणाले. "माझी मुलगी असून!" ते उठले, आपली खुर्ची ओढत टेबलाच्या पलीकडे नेली आणि घंटाकाकांच्या शेजारी ठेवून बसले. "मेणबत्ती मी विसरलो. खिडकी माझ्यामुळे फुटली. आता चौकशी दुसऱ्या कोणीतरी करावी."

कोणीच पुढे आलं नाही. चिटणीस चष्मा पुसत राहिले. शेवटी फादर म्हणाले, "काका, तेवढी पट्टी बदलून घ्या," आणि सभा तिथेच उठली.

"खोटं का बोललात हो?" बाबांनी दारात काकांना विचारलं.

"तुमच्यामागे मी कुलूप खेचलं नाही, आत डोकावलोही नाही, साहेब. ती चूक माझीच की."

तेव्हापासून किल्ली काकांकडे राहिली. संध्याकाळी बाबा मेणबत्त्या विझवत, काका मागोमाग प्रत्येक वात निरखत. कुलूप बाबा खेचत, मग काका खेचत, आणि 'ठीक' काका म्हणत. पहिल्या दिवशी काकांना ते म्हणताना घामच फुटला होता.

पुढे हिवाळ्यात एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. आदल्या रात्री जेवून झाल्यावर त्यांनी घराचं दार लावलं होतं, कडी घातली होती, दोनदा खेचली होती. आपल्या खोलीकडे जाताना वळून ते लेकीला म्हणाले,

"तूही एकदा ओढून बघ गं."