तिखोरेच्येची खिडकी, शॉमबर्गच्या गल्लीत

नीलाकाकूंनी हिवाळाभर गॅरेजमध्ये लाकूड कोरलं. एप्रिलमध्ये ती चौकट घराच्या दर्शनी खिडकीभोवती बसवली. निळी, पांढऱ्या वेलींची, वरच्या पट्टीवर एक कोरलेली बाई, तिला माशाची शेपटी. शॉमबर्गमधल्या त्या अमेरिकन गल्लीतली बाकी सगळी घरं बिस्किटाच्या रंगाची.

लगेच घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली. चौकट काढा, नाहीतर सुनावणीला या.

"काढून टाक, नीला," श्रीरंगकाका म्हणाले. "म्हातारपणी बेघर करशील."

"तुम्ही गॅरेजमध्ये राहा. भुशात ऊब असते."

सुनावणीला मी ड्राइव्ह करून काकूंना नेलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे जेवतेय, पण त्या रशियात राहिल्याचं मला तिथे कळलं.

तरुणपणी त्या तिकडे बोटबांधणी शिकल्या. तिखोरेच्ये नावाच्या नदीकाठच्या गावात. एकेकाळी धान्याच्या बोटींनी गाव श्रीमंत झालं होतं. मग रेल्वे येणार होती. व्यापाऱ्यांनी नको म्हटलं. धुरानं गिऱ्हाईक पळेल म्हणे. रेल्वे पलीकडच्या गावाला गेली, गिऱ्हाईकही गेलं.

"अजून सांगतात, चूक रेल्वेची होती," काकू म्हणाल्या. असोसिएशनच्या समितीतले दोघे हसले.

गाव लहानच राहिलं. पण प्रत्येक खिडकीला वेगळी नक्षी. बोट वळणावर आली की नावाडी लांबून आपलं घर ओळखायचा. नक्षी नसेल त्याला आंधळं घर म्हणत.

"मी आयुष्यभर भाड्याच्या आंधळ्या घरांत राहिले. हे माझं आहे. ते मला रस्त्यावरून ओळखता आलं पाहिजे."

सगळ्यांना आवडलं. तरी निकाल विरुद्ध गेला. बाहेरच्या भिंतीवर काहीही नको.

रविवारी गेले तर काकू चौकट उतरवत होत्या. मला वाईट वाटलं. त्यांना वाटलेलं दिसत नव्हतं. चौकट त्यांनी आत नेली, पट्ट्या जवळ घेऊन काचेत मावेल अशी आतून टेकवली, तोंड रस्त्याकडे. दिवा लावला.

मी अंगणात उभी राहिले. बाहेरून जशीच्या तशी.

"काकू, हे कसं सुचलं?"

"मला कुठे सुचलं? तिखोरेच्येत एका अधिकाऱ्यानं असाच हुकूम काढला होता. रस्त्यावरची नक्षी उतरवा. गावानं निमूट उतरवली आणि काचेच्या आत लावली. त्याची बदली झाली, नक्षी परत बाहेर आली."

"म्हणजे सुनावणीच्या आधीच ठरलं होतं?"

"विचारून पाहायला काय जातं?"

तेवढ्यात असोसिएशनचा मॅनेजर डेनिस आला. खिडकी पाहिली. फोनवर नियम उघडले.

"पडदे पांढरे किंवा क्रीम हवेत," तो म्हणाला.

"हा पडदा नाही," काकू म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाचलं. बराच वेळ वाचलं. मग फोन खिशात ठेवला.

"ती माशाची बाई कोण?"

"नदीतली. घरात पुराचं पाणी येऊ देत नाही, असं तिथे मानतात."

डेनिस काचेजवळ गेला. "बेसमेंटचंही बघते का? माझ्याकडे दर जूनला पाणी भरतं."

"छोटी करून देते," काकू म्हणाल्या. "आतून लाव मात्र."